दिवा गार होईपर्यंत

वीणा,

तुझा रिफ्लेक्टर मी काल उतरवला. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसरं काहीही लिहायला घेतलं तरी तू मध्येच अडवून हेच विचारशील. तू जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि तुझ्या टाकीवरची तुझी वस्तू मी काढली. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, विचारून काढली. तुला विचारता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

खरं तर कॉलेजच्या वार्षिकासाठी तुझ्याबद्दल काहीतरी लिहून दे, असं सरांनी सांगितलं होतं. मी बसले लिहायला. ‘मनमिळाऊ’, ‘सर्वांची लाडकी’ असले शब्द येत गेले. तू मनमिळाऊ नव्हतीस. कँटीनच्या पोऱ्यापासून प्रॅक्टिकलच्या बाईंपर्यंत सगळ्यांशी तुझं वाजलेलं होतं. तो कागद फाडला. आमच्या घरात गेलेल्या माणसाला कुणी कधी लिहिलेलं नाही. जिवंत माणसालाही फारसं नाही, मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळी, संपलं. त्यामुळे हे कसं लिहितात मला माहीत नाही. चुकलं तर सांभाळून घे. नको, सांभाळून घेऊ नकोस. तू कधीच घेतलं नाहीस, आणि त्याबद्दलच मला काही सांगायचं आहे. ते पुढे येईल.

सुरुवात आमच्या गावी झाली, मालवणजवळ. गेल्या मे महिन्यात काकूंचा विरोध असताना तू माझ्याबरोबर आलीस. ओहोटीला आपण खडकांपाशी गेलो. गुडघाभर पाणी, काचेसारखं. मी तुला दगडांवरची समुद्रफुलं दाखवत होते, खेकडे दाखवत होते. तू सलवार वर धरून उभी होतीस आणि तळाच्या वाळूकडे बघत होतीस. वाळूवर उन्हाचं जाळं हलत होतं. पाण्यातून ऊन खाली जातं तेव्हा पडतं तसं, उजेडाच्या बारीक दोऱ्यांचं. मी लहानपणापासून ते पाहत आले होते, म्हणजे पाहतच नव्हते.

“सुमे, हे घरी न्यायचं,” तू म्हणालीस.

मला वाटलं, तुला दगड हवा आहे. माझ्या काकांनी ओंजळीत मावेल एवढा प्रवाळाचा दगड काढून वनस्पती तुपाच्या डब्यात समुद्राच्या पाण्यात ठेवून दिला. एसटीत तो डबा माझ्या मांडीवर होता. घाटात निम्मं पाणी माझ्या परकरावर सांडलं आणि तू हसत सुटलीस. दगड पोचला. पण तुला दगड नको होता हे मला अंधेरीला तुझ्या घरी आल्यावर कळलं. तुला ते जाळं हवं होतं. दगड आला होता म्हणून त्याला जगवायचं, एवढंच.

तुझे मामा बोटीवर इंजिनियर. त्यांनी आणलेल्या एका जर्मन मासिकात खाऱ्या पाण्याच्या मोठमोठ्या टाक्यांची रंगीत चित्रं होती. त्यातलं एक अक्षर आपल्याला कळत नव्हतं. प्रत्येक टाकीवर दिवा टांगलेला होता, दिव्यावर पत्र्याची छत्री, म्हणजे रिफ्लेक्टर, होती, आणि त्या चित्रांवरून आपण भांडायचो. तुझं घर तळमजल्यावर, म्हणून तुझ्या बाबांनी एवढी मोठी टाकी हॉलमध्ये ठेवू दिली. पलंगाएवढी लांब. वर्सोव्याचा एक होडीवाला आतल्या समुद्रातलं पाणी कॅनमधून आणून द्यायचा. सगळं भरून झाल्यावर तुझ्या बाबांनी चष्मा लावून आत बघितलं आणि विचारलं, मासे कुठायत? तू म्हणालीस, “मासे नाहीत बाबा, उजेड आहे.” पुढे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हेच उत्तर मिळालं.

पण उजेडही नव्हताच. वर नुसत्या ट्यूबलाइटी होत्या. टाकी रेशनच्या दुकानासारखी दिसायची, कुठे सावली नाही, काही हलत नाही. तू रुसून बसलीस. मी फिजिक्सवाली, म्हणून मला विचारलंस. मी घाबरत सांगितलं की ट्यूब लांब असते, तिचा प्रत्येक तुकडा आपापलं जाळं पाडतो आणि ती सगळी एकमेकांत मिसळून पुसली जातात. सूर्य लांबून ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून त्याचं जाळं एकच पडतं. आपल्याला लहान आणि जबरदस्त दिवा लागेल.

तू ताबडतोब म्हणालीस, चूक. ट्यूब पाण्यापासून उंच टांगली की झालं. आपण ट्यूब उंच टांगली. काही झालं नाही. मग तू म्हणालीस, ठीक आहे, सांग तुझा दिवा.

ते “चूक” मला अजून ऐकू येतं. वीणा, कॉलेजात मला कुणी चूक म्हणत नव्हतं. आमच्या घरातली मी पहिलीच कॉलेजात गेलेली, हे सगळ्यांना कुठून तरी कळलेलं असायचं आणि सगळे माझ्याशी जपून वागायचे. उत्तर बरोबर आलं की जास्तच कौतुक, चुकलं की मान हलवून पुढे. माझ्याशी भांडण्याएवढं मला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं. तू धरलंस. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, सेंटी होऊ नकोस, पत्रा धर.

दिवा म्हणजे रस्त्यावर असतो तसला मर्क्युरीचा. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून आपण तो चोकसकट आणला. लावला तेव्हा आधी मिणमिणता जांभळट दिसला. तुझं तोंड पडलं. मग हळूहळू चढत गेला, पांढरा निळसर झाला, आणि तळाच्या वाळूवर जाळं पडलं. नुसतं वाळूवर नाही. पाण्यावरून उलटून ते समोरच्या भिंतीवर आणि छतावरही हलायला लागलं. तू दिवाणावर उताणी पडलीस आणि ते तुझ्या अंगावर हलू दिलंस.

मग दिवा जरा सरकवायचा म्हणून बंद केला, पुन्हा बटण दाबलं, आणि तो लागेना. तू बटण खालीवर करत राहिलीस. वाट लागली यार, म्हणालीस. आपण तो फडक्यात गुंडाळून पुन्हा लोहार चाळीत नेला. दुकानदाराने लावून दाखवला, लख्ख लागला. घरी आणला, लागला. पुन्हा बंद करून बघितला, मेला. परत लोहार चाळ. या खेपेला तो माणूस हसला आणि त्याने आपल्याला स्टूल दिलं. “बेन, गरम है अभी. थंडा होने दो, बटन चालू रखो, अपने आप लगेगा. गरम दिमाग में कोई किसी का सुनता है क्या?” परतताना तू मला दम दिलास की हे घरी कुणाला सांगायचं नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं. कालपर्यंत.

आता रिफ्लेक्टरचं. माझ्या वडिलांची, आबांची, गिरणी संपानंतर सुटली ती सुटलीच, तेव्हापासून ते गोरेगावला सिनेमाच्या स्टुडिओत आहेत. उन्हात चंदेरी पाट धरून नटनट्यांच्या तोंडावर उजेड टाकायचा, हे त्यांचं काम. आधी त्यांना या सगळ्याचं हसू आलं. “दगडाक कसलो उजेड दाखवतंस गो?” मग तू जेवायला आलीस तेव्हा ताटावरून विषय निघाला. ते म्हणाले की पाट दोन जातींचे. गुळगुळीत असेल तर उजेड एका जागी बाणासारखा जातो, त्यासमोर हिरॉइनच्या डोळ्यांतून पाणी येतं. चुरगळलेल्या चांदीचा असेल तर तोच उजेड पसरून मऊ पडतो. तू लगेच विचारलंस, दगडाला कुठला? आबा म्हणाले, “दगडाच्या डोळ्यांतसून पाणी येता काय नाय, ता माका काय म्हायत?”

तू गुळगुळीत निवडलास. त्यात जाळं चाकूसारखं स्पष्ट पडेल म्हणून. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून आणलास आणि घासून असा चमकवलास की त्यात आपण दिसायला लागलो. मी आबांबरोबर बसून दुसरा केला. गोल तोंडाच्या हातोडीने आतून ठोकून ठोकून त्याला सगळीकडे खळगे पाडले. तो बघून तू म्हणालीस, हे काय, पापड भाजायची जाळी? आणि कपाटावर ठेवून दिलास. तो तिथेच राहिला.

तुझ्या रिफ्लेक्टरखाली जाळं खरंच सुंदर पडायचं. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. पाणी हलतं ठेवणाऱ्या हवेच्या पंपाने खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब उडून त्यावर मिठाचा पांढरा थर धरायचा, म्हणून दर रविवारी आपण तो गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायचो. मी स्टुलावर, तू खालून सूचना देत. पुसताना माझं तोंड त्यात लांबडं दिसायचं आणि माझ्या खांद्यामागून तुझं.

मग दगड पांढरा व्हायला लागला. तो मूळचा तपकिरी हिरवट. दिवा लागला की त्यातून बारीक बारीक फुलं बाहेर यायची, म्हणून तो जिवंत आहे हे कळायचं. जिथे उजेड एकवटून पडत होता बरोबर तिथे, वरच्या बाजूला, एक पांढरा डाग पडला, आणि त्या डागात फुलं येईनात. मी म्हणाले, भाजतंय त्याला, रिफ्लेक्टर बदलू. तू म्हणालीस, नवीन उजेडाची सवय होतेय, थांब. मी म्हणाले, सवय होताना असा रंग जात नाही. तू म्हणालीस, “तू आरसे बघ. जिवंत गोष्टी माझ्याकडे.” तू झूलॉजीवाली. मी स्टुलावरून उतरले. आणि मला नक्की माहीतही नव्हतं. आजही नाही.

तो वाद तसाच राहिला आणि तुला ताप आला.

हॉस्पिटलचं मी लिहिणार नाही. एवढंच, की शेवटच्या भेटीत तुला बोलायला त्रास होत होता, तरी तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काहीतरी सांगशील. तू विचारलंस, “रिफ्लेक्टर पुसलास?”

मी म्हणाले, रविवारी पुसते.

“आज पूस.”

मी तिथून सरळ तुझ्या घरी गेले. शेजारच्या आजींकडे किल्ली होती. स्टुलावर चढले, फडकं ओलं केलं, मीठ पुसलं. सगळं पुसून झालं होतं, मी उगाच कोरड्या फडक्याने पुन्हा चमकवत होते, तेव्हा आजी दारात आल्या. त्यांच्याकडे फोन आला होता. मला त्या रिफ्लेक्टरमध्ये दिसल्या, माझ्या खांद्यामागे, तिथेच जिथे तू दिसायचीस. मी मागे वळले नाही. वळेपर्यंत ते खरं होणार नाही, असं काहीतरी मला वाटलं असावं.

तेव्हापासून मी संध्याकाळी तुझ्याकडे जाते. काकू तुझ्याच वेळेला दिवा लावतात. मला ते बघवत नाही आणि न जाताही राहवत नाही. आधी तो जांभळट उजेड येतो, खोलीत कुणीतरी दबकत शिरावं तसा, आणि काकू दाराकडे बघतात. रोज बघतात. मग दिवा चढतो आणि जाळं तुझ्या दिवाणावर जाऊन पडतं. चादर सरळ केलेली असते. जाळं तिच्यावर हलत राहतं, अगदी जसं तुझ्या अंगावर हलायचं तसंच, आणि खाली कुणी नाही याचा त्याला पत्ताच नसतो. तुझे बाबा उठून आतल्या खोलीत जातात. घरी आले तरी ते सुटत नाही. आबांच्या ताटलीवरून उन्हाचा कवडसा भिंतीवर पळतो आणि मी त्याच्या मागे बघत राहते. परवा प्रॅक्टिकलला आरशासमोर मेणबत्ती ठेवायची होती. मी आरशात आधी माझ्या खांद्यामागे पाहिलं. जोडीदारीण म्हणाली, काय गं, कोण आहे?

आणि दगडावरचा डाग वाढत होता. अर्ध्यापर्यंत आला.

मी कोण सांगणारी? काकू टाकीतलं, टाकीजवळचं काहीही हलवू देत नव्हत्या. मोलकरणीने काच पुसताना मासिक सरकवलं, तर त्यांनी ते उचलून होतं तिथे ठेवलं. मी एकदा नुसतं म्हणाले की डाग वाढतोय. त्या म्हणाल्या, “ती गेली तेव्हा होतं तसंच राहू दे गं सुमा.” मी चहा पिऊन परत आले.

काल मात्र दगडाची खालची फुलंही निम्मीच उघडली होती. मी खूप वेळ टाकीपाशी बसले. मग म्हणाले, काकू, तुमचं ‘तसंच’ राहत नाहीये. दगड मरतोय. कदाचित माझं चुकतही असेल, वीणा असती तर चूकच म्हणाली असती, पण रिफ्लेक्टर बदलून बघायला हवा.

त्या टाकीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “तिचा हात लागलेला आहे गं त्याला. तो काढलास की तेवढंही जाईल.”

मग जे झालं होतं तेच सांगितलं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“काकू, तिचा हात त्यावर नाहीये. मी पुसला तो. तिनेच सांगितलं पुसायला, त्या दिवशी. आज पूस म्हणाली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं. तू आईसाठी काय ठेवून गेलीस ते मला माहीत नाही, पण मला सांगितलेलं शेवटचं वाक्य हेच होतं, आणि मला ते इतके दिवस फार किरकोळ वाटत होतं. काकू उठल्या, कपाटावरून ती पापड भाजायची जाळी काढली, पदराने धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली. मग स्वतः जाऊन दिवा बंद केला.

मी तुझा उतरवला, माझा टांगला. खाली उतरून म्हणाले, झालं. काकूंनी बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. खटखट नुसती. बाहेर अंधारून येत होतं, टाकी काळी पडली होती, दगड दिसेनासा झाला होता. “गेला,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं होतं तुला, काही हलवू नकोस. गेला ना तो?” त्यांचा हात बटणावरून निघेना. मी त्यांचा हात धरला. तुझ्या आईचा हात मी त्याआधी कधी धरलेला नव्हता.

“नाही गेला, काकू. गरम आहे अजून. बटण चालू राहू दे. गार झाला की आपोआप लागेल.”

“तुला काय माहीत?”

मग मी त्यांना लोहार चाळीचं सांगितलं. तू दम दिला होतास तरी. आपण फडक्यात गुंडाळून चांगला दिवा कसा परत नेला, घरी आणला, पुन्हा नेला, तो दुकानदार कसा हसला, त्याने स्टूल दिलं, गरम दिमाग म्हणाला, आणि तू परतताना कशी तणतणत होतीस. आम्ही दोघी अंधारात दिवाणाच्या कडेला बसलो होतो, तुझी जागा मध्ये सोडून. काकूंच्या तोंडून एक आवाज आला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. “म्हणजे त्या दिवशी मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली ती तिथेच,” म्हणाल्या. “आणि मी विचारलं तर कशी वाघिणीसारखी अंगावर आली.” मग रडल्या. आतल्या खोलीतून तुझे बाबा दारापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. कुणी बटणाकडे गेलं नाही.

दिवा लागला तेव्हा आमचं कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. आधी जांभळट, मग चढत चढत पांढरा. या वेळी काकूंनी दाराकडे तुझी वाट बघितली नाही, तिथे तुझे बाबा उभे होते.

जाळं पडलं. खरं सांगते, तुझ्याइतकं ठळक नाही. दोऱ्या जरा जाड, कडा पुसट. मालवणच्या पाण्यावर ढगाची पातळ सावली यावी तसं. तू नाक मुरडलं असतंस. मला मात्र त्याच्याकडे पहिल्यांदाच जरा वेळ बघत राहता आलं.

दगड जगेल का, माहीत नाही. गेलेला रंग परत येतो का, हे त्या मासिकात असेल, पण आपल्याला ते वाचता येत नाही. नाहीच जगला तर तू म्हणशील, सांगितलं होतं, थांब म्हणून. जगला तरी तू म्हणशील, सवयच होत होती त्याला. वाद तू हरणार नाहीस, आणि मला तो जिंकायचा नाही. तो चालू राहावा एवढंच वाटतं.

मी निघाले तेव्हा काकू तुझा रिफ्लेक्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यात वाकून बघत होत्या. कुणाला बघत होत्या ते मी विचारलं नाही. कडेला मिठाचा थोडा थर राहिला होता, तो त्यांनी नखाने खरवडला, आणि मला दारात थांबवून विचारलं, की हा आता वापरात नाही, मग याला पुसायला लागेल का.

मी म्हणाले, लागेल. रविवारी दोन्ही पुसू.